जोड न मिळालेली मल्ल

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवळी हे तालुक्याचे गाव लागते. जानेवारी २०२५ मध्ये तेथे महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि अंतिम लढतीत भाग्यश्री फंड हिने कोल्हापूरच्या अमृता पुजारीवर मात करून गदा पटकावली. देवळीला कुस्तीचे वेड जुने. राज्य संघटनेचे नेतृत्व करणारे, एके काळी विदर्भ केसरी राहिलेले माजी खासदार रामदास तडस याच गावचे. तेथे मॅट होती, वजनगट होते, पंच होते आणि जिंकलेल्या मुलीचे नाव संघटनेच्या दफ्तरी लागणार होते. यात कोणाला नवल वाटले नाही. परंतु पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होत असताना महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीला झाली ती २०२३ मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या गोष्टींची किंमत कळते.

या राज्यात त्याआधी बाई आखाड्यात उतरलीच नव्हती, असे मात्र नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत एका बाईच्या कुस्त्यांनी मुंबई, पुणे आणि कोल्हापूर ढवळून काढले होते. तिला गर्दी कमी पडली नाही, प्रसिद्धी कमी पडली नाही, ताकद तर नाहीच नाही. कमतरता होती ती तिच्या विजयावर शिक्का मारणाऱ्या संघटनेची आणि तिकीटविक्रीपलीकडे पाहणाऱ्या आश्रयदात्याची. हमीदाबानू पैलवान यांचे आयुष्य या दोन गोष्टींच्या अभावी कसे घडले आणि कसे विरून गेले, ते आजच्या कुस्तीशौकिनांना ठाऊक असायला हवे.

हमीदाबानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात पैलवानांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. आखाड्याची माती घरातच होती, पण ती घरातल्या पुरुषांसाठी. मुलीने शड्डू ठोकणे त्या काळच्या समाजाला मानवणारे नव्हते. मिर्झापूर सोडून त्या अलीगडला गेल्या आणि सलाम पैलवान नावाच्या वस्तादाच्या हाताखाली तयार झाल्या. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना अलीगडची अमेझॉन हे नाव दिले ते त्यामुळेच. सलाम पैलवान हे त्यांचे वस्ताद होते, व्यवस्थापक होते आणि पुढे आयुष्याचे सोबतीही झाले. एका माणसाकडे इतक्या भूमिका एकवटणे किती धोक्याचे असते, हे हमीदाबानूंना फार उशिरा कळले.

त्यांच्यासमोर पहिलाच प्रश्न होता तो जोडीचा. कुस्तीत जोड लावणे ही एक विद्या आहे. वजन, उंची, वय, अनुभव पाहून तोलामोलाचा मल्ल समोर उभा करायचा असतो. हमीदाबानूंशी लढेल अशी बाई त्या काळात हिंदुस्थानात सहजी सापडणारी नव्हती. म्हणून त्या पुरुषांशी लढल्या. उंची पाच फूट तीन इंच, वजन सुमारे १०८ किलो. त्यांच्या खुराकाची यादी त्या वेळच्या वृत्तपत्रांनी मोठ्या चवीने छापली: दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोच्या आसपास मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, दोन मोठे पाव आणि दोन ताटल्या बिर्याणी. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. यात पत्रकारी अतिशयोक्ती किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण पैलवानाचा खुराक हा चैनीचा विषय नसतो, खर्चाचा असतो, हे तालमीत वाढलेल्या कोणालाही पटेल. एवढा खर्च रोजच्या रोज भागवायचा तर पैसा कोठून तरी यायला हवा.

पूर्वी तो संस्थानांतून येत असे. पतियाळाच्या महाराजांनी गामाला सांभाळले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी बांधल्या आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. राजाश्रय असलेल्या मल्लाला उद्याच्या तिकीटविक्रीची चिंता नसे. हरला तरी त्याचा रतीब बंद होत नसे. संस्थाने विलीन झाली आणि ही व्यवस्था संपली. कोल्हापूर व बडोदा १९४९ मध्ये मुंबई राज्यात सामील झाले. आश्रयदात्याच्या जागी ठेकेदार आला. मैदान भाड्याने घ्यायचे, भिंती रंगवायच्या, तिकिटे खपवायची आणि गल्ल्यातून मल्लांची बिदागी भागवायची, असा हा धंदा. पुरुष मल्लांनाही तो जड गेला. हमीदाबानूंच्या बाबतीत तर राजाश्रयाचा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. त्यांची सारी कारकीर्द तिकिटाच्या गल्ल्यावर उभी होती.

१९४४ मध्ये मुंबईत जे घडले त्यातून या धंद्याचा कच्चेपणा दिसतो. हमीदाबानू आणि गूंगा पैलवान यांची कुस्ती जाहीर झाली. सुमारे २० हजार लोक जमले, अशी नोंद तेव्हाच्या इंग्रजी वृत्तपत्रात आहे. महायुद्ध चालू होते, रेशनिंग होते, आणि तरीही इतकी माणसे एका बाईची कुस्ती पाहायला आली. ऐन वेळी कुस्ती रद्द झाली. गूंगाने अधिक पैसे आणि तयारीसाठी अधिक वेळ मागितला, हे कारण सांगण्यात आले. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. येथे एखादी संघटना असती तर करार कोणाशी झाला, तो मोडल्याचा दंड किती, प्रेक्षकांचे पैसे परत कोणी द्यायचे, हे आधीच ठरले असते. तसे काहीच नव्हते. नामुष्कीचा वाटा मात्र तयारीने आलेल्या हमीदाबानूंच्याही पदरात पडला.

पुण्यातला अनुभव आणखी कडवट होता. रामचंद्र साळुंके या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतली आणि ती रद्द करावी लागली. म्हणजे संघटना होती, पण ती बाईला आत घेण्यासाठी नव्हती. कोल्हापुरात तर हमीदाबानूंनी एका पंजाबी मल्लाला हरवले आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवण्याऐवजी हुर्यो केली, दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. ही कुस्ती लुटुपुटूची आहे, असा लोकांचा समज होता. कोल्हापूरची जाण मोठी. एखादा डाव मुद्दाम सोडला की खरोखर सुटला, हे तेथील शौकिनाला शेवटच्या पायरीवरूनही कळते, असे म्हणतात. पण त्या दिवशी दगड उचलणाऱ्यांपैकी कितीजण डाव पाहत होते आणि कितीजणांना पुरुष बाईकडून चीत झालेला पाहवत नव्हता, हे सांगणे अवघड आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या बंदीविरुद्ध हमीदाबानूंनी दाद मागितली ती थेट मुख्यमंत्र्यांकडे. मोरारजी देसाई १९५२ मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. (वर्धा आणि नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते. पुणे, कोल्हापूर आणि बडोदा ही हमीदाबानूंची मैदाने मात्र मोरारजींच्या राज्यात येत.) मोरारजींनी दिलेले उत्तर त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. त्या स्त्री आहेत म्हणून कुस्त्यांना मनाई केलेली नाही, ठेकेदार त्यांच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून केली आहे, असा त्याचा आशय होता. कागदावर हे उत्तर निर्दोष आहे. नुरा कुस्तीचा संशय त्या काळी पुरुषांच्या दंगलींवरही होता आणि तो अनाठायी नव्हता. फक्त एवढेच, की नकली मल्ल उभा करणारा ठेकेदार दुसऱ्या नावाने दुसऱ्या गावी नवे मैदान भरवू शकत होता. हमीदाबानूंना दुसरे नाव नव्हते. दोष ठेकेदाराचा सांगितला गेला, रोजगार मल्लाचा गेला.

सरकारला नुरा कुस्ती थांबवायचीच होती तर सरकारमान्य पंच नेमून एक निकाली कुस्ती लावता आली असती. बाईंनी ती टाळली असती, असे मानायला त्यांच्या वागण्यात काही आधार सापडत नाही. त्या सतत आव्हाने देत होत्या.

त्यातले सर्वांत गाजलेले आव्हान फेब्रुवारी १९५४ मधले. जो पुरुष आपल्याला हरवील त्याच्याशी लग्न करू, अशी घोषणा त्यांनी केली. ही कल्पना त्यांची स्वतःची की सलाम पैलवानांची की एखाद्या ठेकेदाराची, हा प्रश्न गौण नाही. आपल्या शरीराचे कसब विकायला निघालेल्या बाईला ते कसब पुरेसे ठरले नाही, त्याच्या जोडीला स्वतःचे लग्नही पणाला लावावे लागले. घोषणेचा परिणाम मात्र झाला. पतियाळाचा एक मल्ल आला आणि हरला. कलकत्त्याचा एक आला, तोही हरला. मे महिन्यात त्या बडोद्याला गेल्या. गावभर गाड्यांवर फलक लावून जाहिरात झाली. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय लाभलेला छोटा गामा त्यांच्याशी लढणार होता. त्याने आयत्या वेळी अंग काढून घेतले. बाईशी लढणे आपल्याला शोभत नाही, हे त्याचे कारण. मग बाबा पैलवान समोर आला. ही कुस्ती एक मिनिट ३४ सेकंद चालली. बाबा पैलवान चीत झाला आणि त्याने कुस्ती सोडल्याचे जाहीर केले. आपण तीनशेच्या वर कुस्त्या जिंकल्या आहेत, असा हमीदाबानूंचा तोवरचा दावा होता. तो पडताळून पाहण्यासाठी कोणतेही दफ्तर नाही.

छोट्या गामाच्या माघारीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्याच्या पाठीशी महाराज होते त्याला नाही म्हणणे परवडत होते. बाबा पैलवानाला आणि हमीदाबानूंना ते परवडणारे नव्हते.

त्याच १९५४ मध्ये मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांची कुस्ती वेरा चिस्टिलिन या रशियन बाईशी झाली. जाहिरातीत वेराला रशियाची मादी अस्वल म्हटले होते. असली नावे ठेकेदारांच्या कारखान्यातली असत. परदेशी मल्ल, चित्रविचित्र बिरुदे आणि भडक भित्तिपत्रके यांचा तो काळ होता. किंगकाँग आणि दारासिंग यांच्या लढतींनी पुढे हेच मैदान गाजवले. वेरा चिस्टिलिनला हमीदाबानूंनी मिनिटाच्या आत हरवले. आता युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढणार, असे त्यांनी जाहीर केले.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते, हे येथे पाहणे उपयोगाचे ठरेल. तेथे व्यावसायिक गोल्फ खेळणाऱ्या बायकांची पहिली संघटना १९४४ मध्ये, म्हणजे मुंबईत गूंगा पैलवानाची कुस्ती फिसकटली त्याच वर्षी निघाली होती आणि पैशाअभावी ती काही वर्षांतच बंद पडली. १९५० मध्ये तेरा जणींनी पुन्हा जम बसवला आणि एलपीजीए ही संघटना स्थापन केली. पॅटी बर्ग पहिली अध्यक्ष झाली. क्रीडासाहित्य बनवणाऱ्या विल्सन कंपनीने स्पर्धा भरवणाऱ्या व्यवस्थापकाचा पगार उचलला. बायकांचे कपडे विकणाऱ्या एका उद्योजकाने स्पर्धांच्या मालिकेला पैसे दिले. बक्षिसे तुटपुंजी होती आणि मैदान आखण्यापासून गुण मांडण्यापर्यंत सगळे काम खेळाडूच करीत. या तेरा जणींतली सर्वांत नामांकित बेब झहारियास. तिने १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदके मिळवली होती. तीही गर्दी खेचणारी, तीही स्वतःची जाहिरात स्वतः करणारी, आणि तिचा नवरा जॉर्ज हा चक्क व्यावसायिक कुस्तीगीर. तिचे व्यवहारही तोच पाहत असे. १९५३ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि १९५४ मध्ये, हमीदाबानूंच्या वैभवाच्या वर्षातच, तिने अमेरिकेची महिला खुली स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली. १९५६ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या मागे संघटना उभी होती. ती आजही चालू आहे. बेबकडे हमीदाबानूंपेक्षा काही वेगळे होते तर ते बरोबरच्या बारा जणी. त्यांच्याशी तिचे फार सख्य होते अशातला भाग नाही, पण त्या होत्या. हमीदाबानू एकट्या होत्या. एकटीची संघटना होत नाही, आणि संघटना नसेल तर कंपनी पैसे द्यायला कोणाच्या दारी जाणार?

युरोपला जाण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर हमीदाबानू वृत्तपत्रांतून दिसेनाशा झाल्या. जाहीर निरोप झाला नाही, शेवटची कुस्ती म्हणून मैदान भरले नाही. या नाहीशा होण्याचे कारण अनेक दशकांनंतर त्यांच्या घरच्यांच्या तोंडून बाहेर आले. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार सलाम पैलवानांना त्यांचे युरोपला जाणे मंजूर नव्हते. त्यांना अडवण्यासाठी सलाम पैलवानांनी मारहाण केली आणि त्यात त्यांचा हात मोडला. पाय मोडल्याची आठवण शेजाऱ्यांनी सांगितली आहे. पुढे अनेक वर्षे त्यांना काठीवाचून नीट चालता येत नव्हते. दोघांचे रीतसर लग्न झाले होते की नाही, यावर घरातच दुमत आहे. जिला मैदानात कोणी चीत करू शकले नाही तिची कारकीर्द घराच्या चार भिंतींत संपवली गेली, असे या हकिकती सांगतात. त्या वेळी मध्ये पडू शकेल असे कोणी नव्हते. मोरारजींनी ठेकेदारांबद्दलच्या तक्रारींची दखल घेतली होती. व्यवस्थापकच मल्लाला मारतो, ही तक्रार बाई कोणाकडे घेऊन जाणार होत्या?

सलाम पैलवान आणि हमीदाबानू यांनी कल्याणला दुधाचा धंदा मांडला होता. म्हशी आणि गोठा हा तेव्हाच्या कल्याणचा नेहमीचा व्यवसाय, आणि दूध हा पैलवानाच्या ओळखीचा विषय. कालांतराने सलाम पैलवान अलीगडला परत गेले. हमीदाबानू कल्याणातच राहिल्या. एक मुलगा त्यांनी पोटच्यासारखा वाढवला. दूध विकून, जागा भाड्याने देऊन घर चालवले. उतारवयात पैशाची चणचण भासू लागली तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी खाण्याचे पदार्थही विकले. स्टेशनकडे जाता-येता तेथे थांबणाऱ्यांतल्या कितीजणांना या बाईची कुस्ती पाहायला एके काळी २० हजार माणसे लोटली होती हे ठाऊक असेल? त्या काळात खेळाडूंना निवृत्तिवेतन देण्याच्या योजना पुरुष मल्लांच्याही वाट्याला क्वचितच येत. तेथेही आधी संघटनेचे प्रमाणपत्र लागे, आणि हमीदाबानूंकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता.

दरम्यान महिलांची कुस्ती त्यांच्यावाचून पुढे गेली. ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश २००४ साली अथेन्सला झाला. साक्षी मलिकने २०१६ मध्ये रिओला कांस्यपदक आणले. संघटना आल्या, प्रायोजक आले, आणि संघटनेच्या प्रमुखाविरुद्ध दाद मागण्यासाठी २०२३ मध्ये महिला मल्लांना दिल्लीच्या रस्त्यावर बसण्याची वेळही आली. हमीदाबानूंना संघटना नव्हती म्हणून दाद नव्हती. या मुलींना संघटना होती आणि तरी दाद मिळवण्यासाठी झगडावे लागले. एवढा फरक मात्र खरा, की त्या अनेकजणी होत्या, त्यांची पदके मोजता येण्याजोगी होती आणि ती कुस्ती लुटुपुटूची होती असे कोणाला म्हणता आले नाही.

४ मे २०२४ रोजी, बडोद्याच्या त्या कुस्तीला सत्तर वर्षे झाली म्हणून, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदाबानूंचे चित्र झळकवले. अनेकांनी त्यांचे नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले. त्यांच्या कुस्तीच्या हकिकती आता मिळतात त्या जुन्या वृत्तपत्रांच्या कात्रणांतून, एकदोन पुस्तकांतून आणि नातलगांच्या आठवणींतून. कुस्त्यांच्या तारखा जुळत नाहीत, प्रतिस्पर्ध्यांच्या नावांची स्पेलिंगे वेगवेगळी आढळतात, आणि बिदागी किती मिळाली याचा कागद कोठेच नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.